आमचे बाराकाका

सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यातच जिन्यात एक सडपातळ, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ भेटतात. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून डोकं बाहेर काढलेल्या दोन वायरी, एक लाल, एक काळी. नवा माणूस रीतीप्रमाणे विचारतो, "काय काका, कसं काय?" गृहस्थ प्रसन्न चेहऱ्याने उत्तर देतात, "बारा!"

आता मराठी माणसाला बारा म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. धंद्याचे बारा वाजतात, तब्येतीचे वाजतात, आणि बाराव्याला तर घरी जाऊन यावं लागतं. नवा माणूस चेहरा पाडून म्हणतो, "अरेरे! काय झालं?" "काही झालेलं नाही, म्हणून तर बारा," असं म्हणून काका पिशवी पायरीवर ठेवतात. काकांनी पिशवी खाली ठेवली की घरी फोन करून 'जेवायला थांबू नका' म्हणून सांगावं, हे आम्हा जुन्या रहिवाशांना माहीत आहे. नव्याला नसतं.

खुलासा असा. पंचवीसेक वर्षांपूर्वीच्या बऱ्याच जपानी धाटणीच्या गाड्यांत इंजिनाचा कारभार बघणारा कॉम्प्युटर असतो, पण त्याला तोंड नसतं. बोलायला त्याच्याकडे एकच साधन, डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. एका छोट्या कपलरमधल्या ठरावीक दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडायच्या, किल्ली ऑन करायची, सेल्फ मारायचा नाही, आणि दिव्याकडे बघत बसायचं. दिवा लुकलुकायला लागतो. एकदा लुकलुकून थांबला आणि मग चारदा लुकलुकला, की चौदा : पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. आधी दोनदा, मग एकदा, म्हणजे एकवीस : थ्रॉटलचा. एक आणि तीन म्हणजे तेरा, ऑक्सिजन सेन्सर. (तीन-तेरा वाजणे हा वाक्प्रचार सायलेन्सरमधून आलेला आहे असं काकांचं मत आहे. भाषेच्या जाणकारांनी दुर्लक्ष करावं.) आणि कॉम्प्युटरची कशाबद्दलच तक्रार नसली, तर एक आणि दोन. बारा. घरी सर्व क्षेम.

पूर्वी प्रत्येक वाड्यात रेडिओ उघडून बसणारा एक असायचा. मग गच्चीवर जाऊन टीव्हीचा अँटेना फिरवणारा आणि "आलं का? आता? आता?" असं ओरडणारा एक आला. त्याच कुळातले आमचे बाराकाका. फरक एवढाच, की अँटेनावाल्याला चित्र यायला हवं असायचं. काकांना चित्र का येत नाही ते हवं असतं. आलं नाही तरी चालतं.

ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. शेजाऱ्याच्या फोनवरून १९८ फिरवून आपण आपला फोन बंद असल्याची तक्रार नोंदवायचो, त्या तारेच्या दुसऱ्या टोकाच्या मंडळींपैकी ते. तिथे त्यांना आयुष्याचं सूत्र सापडलं. ग्राहक सांगतो, फोन मेला. फोन ठणठणीत असतो, आतल्या खोलीतल्या जोडफोनचा रिसीव्हर नातवाने काढून उशीखाली ठेवलेला असतो. "कॉम्प्युटरचंही तेच," काका सांगतात. "चौदा म्हणजे सेन्सर गेला असं तो बिचारा म्हणतच नाही. तो म्हणतो, चौदा नंबरच्या तारेवरून मला पटेल असं काही ऐकू येत नाही. सेन्सर मेला असेल, तार तुटली असेल, कपलरमध्ये पाणी शिरलं असेल. तो तक्रारदार आहे रे. त्याला न्यायाधीश कोणी केलं?"

हे भाषण मी निदान चाळीस वेळा ऐकलं असेन. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे सव्वाचार हजार रुपये जाऊन चुकले होते.

गाडी माझ्या वडिलांची, २००१ सालची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत कंपनीचा काडीचा दोष नाही. सकाळी एका सेल्फमध्ये सुरू व्हायची, वीस मिनिटं सुतासारखी सरळ चालायची, आणि गरम झाली की नळस्टॉपच्या सिग्नलला हमखास रेस खाली-वर, मिसिंग, मागून काळा धूर, पेट्रोलचा भपकारा आणि शेवटी एक आचका देऊन बंद. मागच्या रिक्षावाल्याने केलेलं माझ्या घराण्याचं वर्णन इथे देत नाही.

गॅरेजवाला माणूस चांगला, पण 'बदलून बघू' पंथाचा. पिवळा दिवा लागतोय म्हटल्यावर त्याने पाण्याचा सेन्सर बदलून बघितला. मग थ्रॉटलचा बदलून बघितला. मग हात पुसत, डॉक्टर ऑपरेशन थिएटरच्या बाहेर येतात तसा बाहेर आला. "साहेब, ईसीएम गेला, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. नवा आता मिळणार नाही. कुठल्यातरी भंगारातल्या गाडीचा काढून आणतो. अठरा हजार." मी अठरा हजारांचा विचार करत जिना चढत होतो आणि वरून काका उतरत होते. मी कसं काय विचारलंच नाही. त्यांनीच चेहरा वाचला आणि पिशवी खाली ठेवली.

शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीतल्या पोराने मोबाइलला जोडायचं काडेपेटीएवढं यंत्र आणलं होतं. ते लावायला सोळा पिनांचं सॉकेट लागतं, आणि ते माझ्या गाडीत काही केल्या सापडेना. पोरगा पाच मिनिटं पेडलपाशी डोकं घालून बसला. काका हात मागे बांधून ही गंमत बघत होते.

"सापडणार नाही," ते शेवटी म्हणाले. "ते सॉकेट अमेरिकेने १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं केलं. आपल्याकडे पहिला टप्पा आला २०१० साली आणि पुरता दुसरा टप्पा एप्रिल २०१३ मध्ये. ही गाडी २००१ ची. म्हणजे बरोबर एक तप आधीची. तप म्हणजे किती वर्षं?"

"बारा," पोरगा पेडलखालून म्हणाला.

"आणि त्याआधी ज्या त्या कंपनीची बोली निराळी. दर किती कोसांवर भाषा बदलते?"

"बारा," मी म्हणालो. काका इतके खूश झाले की मला वाटलं गाडी आता आपोआप सुरू होईल.

मग विधीला सुरुवात झाली. काकांनी पिशवीतून एक जुनी तपकिरी यू-पिन काढली. खात्यातून निवृत्त होताना त्यांनी सरकारची म्हणून बरोबर आणलेली ही एकच वस्तू, आणि त्याचीही त्यांना अजून टोचणी आहे. यू-पिनेची दोन टोकं त्यांनी कपलरमधल्या दोन छिद्रांत अशी हलकेच बसवली, की नातीच्या कानात पहिल्यांदा डूल घालतायत असं वाटावं. मी किल्ली ऑन केली. दिवा लुकलुकू लागला. मी आत बसून मोठ्याने मोजायचं, काकांनी बॉनेटपाशी वहीत लिहायचं, असं ठरलं होतं. पण सार्वजनिक मोजणीला आपल्याकडे कोणी गप्प बसत नाही. वॉचमन हिंदीत मोजू लागला, आयटीवाला इंग्रजीत, आणि सायकल फिरवणारी दोन पोरं लपंडावाच्या चालीवर. वॉचमनच्या हिशेबाने सोळा आले. काकांच्या वहीत सोळा नव्हताच. सुदैवाने हा कॉम्प्युटर प्रत्येक आकडा तीनदा सांगतो. आपल्या माणसांची सवय त्याला तयार करणाऱ्यांना ठाऊक असावी.

आकडे निघाले चौदा, एकवीस आणि तेवीस. पाण्याचं तापमान, थ्रॉटल आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान.

"तिघंही एकच सांगतायत, आमच्या तारेवर व्होल्टेज जास्त आहे," काका म्हणाले. "तीन साक्षीदारांनी शब्दाला शब्द तीच साक्ष दिली तर काय समजायचं?"

"खरं बोलतायत?"

"पढवलेले आहेत. या तिघांची जायची तार वेगळी, पण परतीची एकच. अर्थिंग."

इथे कोणताही सरळमार्गी माणूस पाना घेऊन अर्थिंगची तार शोधायला गेला असता आणि ही गोष्ट शनिवारीच संपली असती. पण संशय हे काकांच्या लेखी निदान नाही. आधी ज्यांच्यावर आरोप झाले त्यांना रीतसर निर्दोष ठरवायला हवं. त्यामुळे रविवारी सकाळी साडेआठला मी काकांच्या स्वयंपाकघरात उभा होतो आणि काकूंच्या चहाच्या पातेल्यात माझ्या गाडीचा पाण्याचा सेन्सर दोऱ्याला टांगून सोडलेला होता.

बोटाच्या पेराएवढा पितळी तुकडा. त्याच्या दोन पिनांना चिमटे लावलेले, चिमट्यांच्या वायरी मल्टिमीटरला. पाणी तापेल तसा त्याचा रोध उतरत जातो : वीस डिग्रीला दोन-अडीच हजार ओहम, ऐंशीला तीनशेच्या आसपास. त्या उतरत्या आकड्यावरूनच कॉम्प्युटर इंजिन किती तापलंय ते ओळखतो. मी गॅस बारीक-मोठा करायचो, काका आकडे टिपायचे. ताप मोजायचा थर्मामीटर बेचाळीसला संपतो हे कळायला घरातला एक थर्मामीटर आधीच खर्ची पडला होता, म्हणून या वेळी शेजारच्या रसायनशास्त्राच्या बाईंकडून प्रयोगशाळेतला आणला होता. काकांनी आलेखाच्या कागदावर ठिपके काढले, ते जोडले, आणि गॅरेजवाल्याने काढून टाकलेला जुना सेन्सर दोऱ्याला बांधला. पुन्हा पाणी, पुन्हा वीसपासून. दोन्ही रेषा एकीवर एक बसल्या.

"दोघंही निर्दोष," काका म्हणाले. "एका निर्दोषाला फाशी देऊन त्याच्या जागी दुसरा निर्दोष आणायचे तू किती दिलेस?"

"नऊशे."

काकूंनी न बोलता पातेलं उचललं, पाणी मोरीत ओतलं आणि बुडावर मार्करने 'मोटार' असं लिहून ते माळ्यावर टाकलं. माळ्यावर अशी आणखी दोन पातेली असल्याचं मला दिसलं.

आता राहिला ईसीएम. त्याच्यावर अठरा हजारांचा आरोप होता. ही अॅल्युमिनियमची पेटी काकांनी सोडवून वर आणली, चार स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि पहिली तपासणी नाकाने केली. जुन्या ईसीएममधले कपॅसिटर म्हातारे झाले की झिरपतात. त्यातला द्रव सर्किटच्या तांब्याच्या रेघा खात जातो आणि त्याला चक्क मासळीसारखा वास येतो. काकांना हे पाठ होण्यामागे इतिहास आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जुन्या बाजारातून एका परदेशी गाडीचा असाच झिरपलेला ईसीएम आणून हॉलमध्ये उघडला. घर सोवळं. श्रावण चालू. शेजारच्या आजी दारातून आत न येता परत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं, की म्हातारपणी यांच्याकडे बांगडा शिजायला लागला. काकूंनी खुलासा करायचा प्रयत्न केला. 'अहो, कपॅसिटरचा वास आहे तो' यावर मराठी समाजात कोणी विश्वास ठेवत नाही.

त्या ईसीएममधली एक चिप मात्र काकांनी जपून ठेवली होती, काचेच्या कपाटात, चांदीच्या अत्तरदाणीशेजारी. अठ्ठावीस पायांची, पाठीवर छोटीशी गोल खिडकी असलेली. ही जुनी ईपीरॉम. इंजिनाला कोणत्या वेगाला किती पेट्रोल आणि ठिणगी केव्हा, याची सगळी कोष्टकं तिच्या पोटात. खिडकीतून अतिनील किरण आत गेले की ती सगळं विसरते, म्हणून खिडकीवर कागदाचं चिकट लेबल असतं. कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर. दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी ते कळकट लेबल नखाने खरडून, चिप ओल्या फडक्याने पुसून, लखलखीत करून पुन्हा जागेवर ठेवली. काकांच्या ते महिन्याने लक्षात आलं.

"ट्यूबलाइटमध्ये तीन वर्षं टिकली असती," ते मला कापऱ्या आवाजात म्हणाले, "पण थेट उन्हात आठवडा पुष्कळ होतो. आता तिला काहीही आठवत नसणार."

"सुटली बिचारी," आतून काकू म्हणाल्या.

माझ्या ईसीएमला वास आला नाही. कपॅसिटरची डोकी सपाट, कुठे फुगवटा नाही, डाग नाही. तोही सुटला. मग दुपारी साडेतीनला, सगळ्या संशयितांची माफी मागून झाल्यावर, काका एकदाचे अर्थिंगकडे वळले.

ही तपासणी बघण्यासारखी होती, म्हणून सांगतो. गाडी सुरू ठेवली. सेन्सरच्या कपलरमध्ये मागच्या बाजूने, अर्थिंगच्या तारेला लागेल अशी टाचणी सरकवली. मल्टिमीटरची लाल वायर टाचणीला, काळी बॅटरीच्या निगेटिव्हला. दोन्ही टोकं एकाच घरची, त्यामुळे मीटरवर जवळजवळ शून्य यायला हवं. शून्य पूर्णांक एक व्होल्टच्या आतच. आलं शून्य पूर्णांक शून्य तीन. मी काकांकडे बघितलं. काका घड्याळाकडे बघत होते. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. बॉनेटखालून गरम वाफारा येऊ लागला. अठराव्या मिनिटाला आकडा हलला. शून्य पूर्णांक दोन. मग आठ. मग एक पूर्णांक चार, आणि त्याच क्षणी रेस खाली-वर व्हायला लागली. नळस्टॉप आमच्या पार्किंगमध्ये आला. काकांच्या चेहऱ्यावर मी असा आनंद त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता.

तार धरून धरून आम्ही इंजिनाच्या इनटेकवरच्या एका बोल्टपाशी पोचलो. बोल्टखाली तारेचं तांब्याचं कडं, त्यावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड. थंड असताना कडं कसंबसं टेकून राहायचं, इंजिन तापून थरथरलं की सुटायचं. परतीची वाट अडली की पाण्याच्या सेन्सरच्या तारेवर व्होल्टेज चढतं, आणि चढतं व्होल्टेज म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी उतरतं तापमान. म्हणजे कर्वे रोडवर भर एप्रिलात, उकळत्या इंजिनाशेजारी बसून त्या बिचाऱ्याला वाटत होतं आपण लडाखला आलोय. म्हणून तो काळजीने पेट्रोलवर पेट्रोल ओतत होता आणि मागचा रिक्षावाला माझं घराणं काढत होता.

पाच रुपयांच्या पॉलिश पेपरने कडं घासलं. बॅटरीचं टर्मिनल मिनिटभर काढून कॉम्प्युटरला जुनं सगळं विसरायला लावलं. गाडी पुन्हा अर्धा तास तापवली आणि शेवटी यू-पिन बसवली. या वेळी सबंध पार्किंग एका भाषेत मोजत होतं. एक. एक, दोन. एक. एक, दोन. एक. एक, दोन. "बाराऽऽ!" असा गजर झाला. दुसऱ्या मजल्यावर त्याच आठवड्यात आलेले भाडेकरू गॅलरीतून वाकून दबक्या आवाजात विचारत होते, "कोणाचं?"

मी वर जाऊन पाकिटात पाचशेची नोट घालून आणेपर्यंत काका निघून गेले होते. पाकीट त्यांनी घेतलं नसतंच. पण ते गेले तेव्हा तो बोल्ट नुसता बोटाने फिरवून ठेवलेला होता. दहा-अकराचा पाना आणून तो मी घट्ट केला. इथे काकांबद्दल मला जे सांगायचंय ते सगळं आलं. कारण सापडलं की त्यांचा त्या वस्तूतला रस संपतो, एखाद्याचा शब्दकोडं सुटल्यावर पेपरमधला संपावा तसा. दुरुस्ती हे त्यांच्या मते हमालीचं काम आहे, ते कोणीही करावं. गॅरेजवाल्याशी त्यांचं भांडण नाही, उलट दोघं एका टपरीवर चहा पितात. त्याला दुरुस्त करता येतं पण काय बिघडलंय ते कळत नाही, यांचं नेमकं उलटं. दोघांची भागीदारी झाली तर पुण्यातली एकही जुनी गाडी भंगारात जाणार नाही, असं मी सुचवून बघितलं. गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, एका गाडीला दोन दिवस लावले तर पोरं काय खातील?" बिनतोड.

अलीकडे काकांनी नव्या पद्धतीचे पाच अक्षरी कोडही पाठ केले आहेत आणि ते माणसांना लावायला सुरुवात केली आहे. सोसायटीचे चेअरमन पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. एकदा आमच्या घरात तीन दिवस अबोला होता. काकांना जिन्यात ते बरोबर कळलं. "यू०१००," ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "मुख्य कॉम्प्युटरशी संपर्क तुटलाय. दोन्ही कॉम्प्युटर चांगले असतात, मधली तार बघ." सल्ला योग्य होता. तार कशी जोडायची ते अर्थातच सांगितलं नाही.

काकांच्या स्वतःच्या दाराची बेल दीड वर्ष बंद आहे. कारण त्यांना सापडलेलं आहे.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर उद्या एवढं करा. किल्ली ऑन करा आणि सेल्फ मारायच्या आधी तो पिवळा दिवा लागतो का बघा. आधी लागायला हवा आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. अजिबात लागतच नसेल तर खूश होऊ नका, गाडी विकणाऱ्याने बल्ब काढून घेतलेला असू शकतो. तसं निघालं तर खुशाल आमच्याकडे या, पहिला मजला, जिन्याला लागून उजवीकडे. रविवार मोकळा ठेवून या, आणि बेल दाबू नका, कडी वाजवा.